पेर

रायबंदरहून चोडणला जाताना फेरीत
माझ्या मांडीवर बर्फाचा डबा असतो, रिकामा.
येताना त्यात बारा फळं,
एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं,
वर पेन्सिलीनं झाडाचं नाव:
बांयकडलो, खुरसाकडलो, सुण्याचो
(त्याच्या मुळाशी कायतानबाबचा कुत्रा पुरलाय),
आणि एक नुसताच ‘तो’.

कायतानबाब बत्तीस वर्षं तारवावर, इंजिनात.
उजव्या तर्जनीची दोन पेरं तिथंच राहिली.
आता खाजनाच्या बांधाआड सात झाडं,
एवढा त्याचा मुलूख.

आमच्याकडे पेरूला पेर म्हणतात.
फिरंग्यांना इथं त्यांचा पेअर कुठं मिळायला?
हाताशी आलं त्यालाच त्यांनी ते नाव दिलं,
घरापासून लांब आलेला माणूस
दुसऱ्याच्या पोराला आपल्या पोराच्या नावानं हाक मारतो, तसं.
पोरगं ओ देत राहिलं.

संध्याकाळी मी फळं कापते.
काचेवर एक थेंब, डोळा लावायचा: साडेअकरा.
आंबटपणा निराळा मोजायचा.
क जीवनसत्त्वासाठी निळा रंग थेंबाथेंबानं सोडायचा;
रस तो पितो, पीतच जातो,
निळ्याचा मागमूस ठेवत नाही,
मग एका थेंबाला लाजल्यासारखा गुलाबी होतो.
तिथं थांबायचं.
खुरसाकडल्यानं ब्युरेट जवळजवळ रिकामी केली.
मी पुन्हा केलं.
सर म्हणाले, तिसऱ्यांदा करा.

बांयकडला आतून तांबडा.
गुलाबी कधी झालं ते त्याच्यात दिसतच नाही,
तो आकडा सहजी देत नाही.

तक्त्यात लिहिते:
वजन त्रेपन्न ग्रॅम. बिया फार.
दीड दिवसात मऊ पडतो.
शेरा: बाजारासाठी अयोग्य.

‘बाय, तुजें यंत्र वास मेजता?’
नाही म्हटलं.
‘मागीर वागळां तुजे परस शिकिल्लीं.’
आणि रात्री अर्धवट खाल्लेलं फळ उचलून
त्यानं माझ्या डब्यात ठेवलं. तेरावं.
म्हणाला, हे तपास, हे पास झालेलं आहे.

त्याचं साडेतेरा आलं.

मग एकदा जेटीवर, फेरीची वाट बघताना, म्हणाला,
अँटवर्पला त्यानं खरा पेअर घेतला होता, एकाऐंशी साली.
फळवाल्यानं नाव सांगितलं म्हणून घेतला.
वास नव्हता. रंग आजाऱ्यासारखा.
चावला तर दातांखाली रेंव,
हीच, बांधाआडची, बारीक रेंव!
धक्क्यावर एकटाच हसत सुटला,
बाकीच्या खलाशांना वाटलं, प्यायलाय.

मी पणजीच्या बाजारातून एक पेअर आणला,
फोमच्या जाळीतला, चाळीस रुपयांना.
निळे चार थेंब, आणि झाला गुलाबी.
त्याच्याकडे द्यायला फारसं काही नव्हतं.
पण पातळ काप काढून भिंगाखाली ठेवला,
शेजारी ‘तो’,
दोघांच्याही मगजात त्याच दगडी पेशी,
पुंजक्यापुंजक्यानं बसलेल्या,
ओहोटीला उघड्या पडलेल्या कालवांसारख्या.
ना गोत एक, ना कूळ.
नाव चुकीचं होतं
आणि जिभेला ते आधीच ठाऊक होतं की
तितकंसं चुकीचं नाही.

या गोष्टीला तक्त्यात रकाना नाही.

मागच्या खेपेला कायतानबाबच्या पडवीत
दुधाच्या पिशव्या मांडलेल्या, मातीनं भरलेल्या,
आणि तो उरलेल्या अर्ध्या बोटानं
भोकं पाडत होता, एकेक बी.
‘हें बोट हाकाच बरें,’ म्हणाला, ‘खोल वचना.’

अहवालात शेवटचा रकाना: शिफारस.
खूप वेळ पेन धरून बसले
आणि एकच शब्द लिहिला, पेर.

सरांना वाटलं, मी फळाचं नाव लिहिलं, तेही बोलीतलं.
त्यांनी लाल शाईनं खाली
ऊकार ओढून ते शुद्ध केलं:
पेरू.